उजवं चाक जुंपलेलं होतं

बाबा, आज तुमची गाडी हलवली. माय असती तर हलवू दिली नसती. पण माय या थंडीत गेली, आणि बडनेऱ्याच्या रस्त्याचं रुंदीकरण निघालं त्यात माझ्या आवाराची पुढची पट्टी जाते आहे. नेमकी तीच, जिथं तुमची गाडी इतकी वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. रस्त्यावाल्यांनी खुणेचा दगड रोवला तो गाडीच्या बरोबर मागच्या चाकाशी. म्हटलं, चला, आता सरकारच म्हणतं आहे तर उठा. सकाळी मिस्त्रीला घेऊन दोर सोडले, ताडपत्री ओढून काढली, भेगाळलेल्या टायरांत कशीबशी हवा भरली, आणि पुढून साखळी लावून ट्रॅक्टरवाल्याला हळूच ओढायला सांगितलं. गाडी हातभर सरकली आणि मी ओरडलो, "थांब! थांब रे बाप्पा!"

आवाज आला होता. कान तुमचेच आहेत माझे, दुसरं काही तुमच्याकडून घेतलं नसेल तेवढं ते घेतलं आहे. या कानांवरच मी धंदा केला; गिऱ्हाईक गाडी फाटकातून आत आणतं तोवर मी दुकानातून ओरडून सांगतो की बेअरिंग गेलं आहे, आणि ते चमकतं, आणि चमकलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही. तर डावं चाक फिरत होतं. कुरकुरत, पण फिरत होतं. उजवं फिरत नव्हतं, मुरमावरून फरफटत येत होतं. ट्रॅक्टरवाला खाली न उतरताच म्हणाला, "ब्रेक धरला असंन भौ, इतकी वर्सं उभी हाय. वढू द्या, सुटते आपोआप." मिस्त्री चाकाशी वाकला, कान लावला आणि मान हलवली. "ब्रेक नाय भाऊ. ब्रेक पकडता तो चिल्लाता. ये तो अंदर से पकड के बैठा है." मलाही तेच ऐकू आलं होतं. ब्रेक वरच्या पट्टीत ओरडतो. हा आवाज खालचा होता, छातीतला, कुणी दात आवळून नाही म्हणत असल्यासारखा. उजवं चाक आतल्या, गंजून अडकलेल्या दांड्याला बांधलेलं होतं. तुमच्या बोलीत सांगायचं तर, जुपलेलं होतं. मी तिथंच मुरमावर बसलो. मिस्त्रीला वाटलं माझी शुगर उतरली. तो धावत जाऊन गूळ घेऊन आला.

का बसलो ते सांगायचं तर मागचं सांगावं लागेल, आणि मागचं तुम्हाला माहीतच आहे. तरी लिहितो. तुमच्यानंतरचं तुम्हाला माहीत नाही, आणि दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय आजचा दिवस समजायचा नाही.

लष्करानं काढून टाकलेली, चारही चाकांनी ओढणारी, नाकाड पुढं आलेली ती गाडी तुम्ही लिलावातून आणली तेव्हा मोर्शीच्या बाजारात लोक पोट धरून हसले होते. "हा रणगाडा कायले आनला बाप्पा? लढाई हाय का कुठी?" तुम्ही म्हणालात, "तुमचा ट्रक पान्यापावसात बगीच्याच्या धुऱ्यावर उभा राहून रडते. हे आत जाते." आणि ती गेली. जिथं बैलाचा पाय गुडघ्याएवढा आत जायचा त्या काळ्या मातीतून ती संत्र्याच्या पेट्या घेऊन डुलत बाहेर यायची, आणि हसणारेच दुसऱ्या वर्षी आपल्या अंगणात येऊन "भाऊ, आमच्या बगीच्याचं कवा जमवता?" म्हणायला लागले. पण पुढच्या चाकांचा तो जोर डांबरावर नको असतो. डांबरावर गाडी जड चालते, डिझेल पिते, आतले दात झिजतात. म्हणून तुम्ही अकोल्याला गेलात. तिथं तुमचे दोस्त होते, लेथवाले चाचा, आजच्या या मिस्त्रीचे वडील. त्यांनी भंगारातून शोधून दोन हब तुमच्या पुढच्या चाकांना बसवून दिले. चाकाच्या मधोमध वाटीएवढी चकती. ती हातानं एकीकडे फिरवली की चाक मोकळं, दुसरीकडे फिरवली की चाक दांड्याला बांधलेलं. गाडीत बसून ते होत नाही. खाली उतरायचं, आधी ड्रायव्हरच्या बाजूचं, म्हणजे उजवं, मग नाकाडाला वळसा घालून डावं. चकतीवर इंग्रजी अक्षरं होती, एफ आणि एल. इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं, चाचांना तुमच्याहून कमी येत होतं. त्यांनी बिडी विझवून सांगितलं, "एफ मतलब फुरसत, एल मतलब लगाम. बस, इतनीच अंग्रेजी है इसमें." मी घरी आल्यावर मोठ्या तोऱ्यात खरा अर्थ सांगितला, की एकाचा अर्थ मोकळं आणि दुसऱ्याचा कुलूप. तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणालात, "मंग चाचानं दुसरं काय सांगितलं?"

घरी मात्र तुम्ही फुरसतही म्हणाला नाहीत आणि लगामही. बैल विकून गाडी घेतली होती, जीभ तीच राहिली. चाकं जुपायची आणि चाकं सोडायची. चकती कधी कधी अर्ध्यावर अडायची, कारण आत दातावर दात यायचा. मग गाडी वीतभर पुढं घ्यावी लागे, तेव्हा दात घरात बसे. त्याला तुम्ही म्हणायचात, "डावा मान देऊन नाही राह्यला." पोळ्याच्या दिवशी तुम्ही गाडी धुवायचात, दोन्ही चकत्यांना हळद लावायचात, आणि त्या दिवशी ती जागची हलत नसे. आणि सगळ्यांत मोठा नियम: जनावर जुपलेलं ठेवून माणसानं भाकर खाऊ नये. गाडी अंगणात आली की आधी दोन्ही चाकं सोडायची, मग हातपाय धुवायचे. चाकं सोडली की तुम्ही अंगणातूनच हाक द्यायचात, "सोडले वो!" आणि माय तवा ठेवायची. घड्याळ नव्हतं आपल्या घरात तेव्हा. त्या हाकेवर स्वयंपाक चालायचा.

मला तो नियम कसा कळला ते आठवतं का? मी कॉलेज सोडून गाडीवर यायला लागलो होतो, मिशी फुटली होती, आपल्याला सगळं येतं असं वाटण्याचं वय. एका दुपारी बगीच्यातून मी एकट्यानं गाडी आणली, अंगणात लावली आणि थेट ताटावर बसलो. भाकर मोडली होती मी. तुम्ही बाहेरून आलात, चपला न काढता आत आलात, माझ्यासमोरचं ताट उचललं आणि बाजूच्या पाटावर ठेवलं. आवाज चढवला नाही. "उठ. ते दोघं बाहेर जुपलेले हायेत, आन् तू घास घेऊन राह्यला?" मी म्हणालो, "बाबा, ते लोखंड आहे." तुम्ही म्हणालात, "लोखंड हाय म्हनून तं बोलत नाही. बोललं असतं तं म्या तुले कायले सांगतलं असतं?" माय पदर तोंडाला लावून हसत होती. मी उन्हात जाऊन दोन्ही चाकं सोडली, आणि परत आलो तेव्हा ताट पुन्हा माझ्या पाटासमोर होतं, भाकर बदललेली, गरम. त्या दिवसानंतर तुम्ही आणि मी, आपण दोघांनीही, चाकं जुपलेली ठेवून कधी घास घेतला नाही. हे मी आज कोर्टात उभं राहून शपथेवर सांगेन.

मग ती वर्षं आली. पाणी खाली खाली गेलं, बोअर कोरडे वाजायला लागले, बगीचे उभ्या उभ्या वाळले. वाळलेल्या झाडाला किती दिवस नुसतं बघत बसणार. लोकांनी कुऱ्हाडी लावल्या. ज्या बगीच्यांतून तुम्ही संत्रा काढला त्यांतूनच तुम्ही आता संत्र्याचं लाकूड काढून मोर्शीच्या वखारीत टाकायला लागलात. मी तोवर अमरावतीला आलो होतो, पंक्चरच्या टपरीवरून सुट्या भागांच्या दुकानापर्यंत पोचलो होतो. एकदा तुम्ही लाकडाची खेप टाकून तसेच माझ्याकडे आलात. दुकानाच्या पायरीवर बसून चहा प्यालात आणि म्हणालात, "संत्रा बोलत जाते रे रस्त्यानं. पेट्या करकर करतेत, दोर बोलते, गाडी डुलते. लाकूड नाही बोलत. समदा रस्ता गुमान." मी हसण्यावारी नेलं. तुम्ही उठलात, माझ्या हातातला ग्रीसचा डबा बघून म्हणालात, "हबात ग्रीस थापू नको कोनाच्या. गच्च भरलं का चकती अडते. लेकराच्या टाळूले तेल लावतेत ना, तेवढंच." तुमची माझी ती शेवटची भेट. एखाद्यानं शेवटचं म्हणून काय काय सांगून ठेवलेलं असतं, मला टाळूचं तेल मिळालं. तक्रार नाही. आजवर हजारो हबांना तेवढंच लावलं.

पोळा होऊन गेला होता. सकाळी तुम्ही लाकूड वखारीत टाकलंत, रिकामी गाडी अंगणात आणून लावलीत, दाराशी आलात आणि मायला म्हणालात, "सोडलं सारं. वाढ आता." अंबाडीची भाजी होती. तुम्ही ती दुसऱ्यांदा मागून घेतलीत. जेवून उठलात आणि गाडी काढून निघालात. कुठं ते सांगितलं नाही. निघताना 'येतो' म्हणायची सवय तुम्हाला कधीच नव्हती. गावापासून नाल्यापर्यंत सगळा डांबरी रस्ता. आपल्याकडे लख्ख ऊन होतं. पाऊस वर पहाडात पडला होता, आणि तुमची गाडी नाल्यात असताना वरून लोंढा आला. गाडी खाली बाभळीला अडकलेली सापडली, चिखलानं लिंपलेली, आणि तुम्ही तिच्याही खालच्या अंगाला, दुसऱ्या दिवशी.

कागदावर अपघात लिहिलं गेलं. पण त्या वर्षांत आपल्याकडे कुणी गेला म्हटलं की 'कशानं गेला' असं कुणी विचारत नसे, बाबा, 'काय केलं त्यानं' असं विचारत. तेरवीला मी मांडवात पत्रावळी वाढत फिरत होतो आणि हे कान काही बंद करता येत नाहीत. एक जण म्हणत होता, "रिकामी गाडी घेऊन नाल्यात कायले गेल्ता?" दुसरा म्हणाला, "लोंढ्याचा आवाज तं बहिऱ्याले येते. आन् त्याचे कान? त्याले मुंगी चाललेली आयकू ये." मग वाटीत कढी पडल्यावर दोघेही गप्प झाले. वाईट माणसं नव्हती ती. त्यांच्या घरीही बगीचे तुटलेले होते, आणि तुमच्यासारखा हसरा माणूस असा गेला म्हटल्यावर त्यांना स्वतःचीच भीती वाटली असणार. मी पत्रावळी घेऊन पुढं सरकलो. शेवटी मीही तिथं नव्हतो.

मायनं मात्र मांडवातलं काही ऐकलं नव्हतं. तिला ऐकायची गरज नव्हती. तेरवीची भांडी घासून झाली तेव्हा ती मला चुलीजवळ बोलवून म्हणाली, "मले सांगून गेले ते."

"काय सांगून गेले माय?"

"सोडलं सारं, म्हने. रोज 'सोडले' म्हनत. त्या दिवशी 'सोडलं सारं'. आन् म्या काय केलं? म्या वाढलं. भाजी पुन्हा मागतली तं मले आनंद झाला, का बाप्पा, बरी झाली वाटते आज. जानारा मानूस पोटभर जेवते, मले कोनं सांगतलं नवतं."

मी समजावलं. म्हटलं, माय, लाकूड उतरवलं होतं, तेव्हा दोर सोडले असतील, ताडपत्री सोडली असेल, मग चाकं सोडली. ते सगळं मिळून 'सारं' म्हणाले असतील. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच मला वकिलासारखा वाटलो. "तू होता का तिथी? तुह्या कानानं आयकलं का तू?" नव्हतं ऐकलं. सगळ्या मुलखाच्या गाड्यांचे आवाज ज्यानं ऐकले त्यानं आपल्या बापाचं शेवटचं वाक्य ऐकलं नव्हतं, आणि ते आईच्या तोंडून ऐकण्याशिवाय त्याच्याकडे उपाय नव्हता.

तिच्या तोंडून मी ते किती वेळा ऐकलं, बाबा. आणि एक गोष्ट कुणाला सांगितली नाही ती तुम्हाला सांगतो: ते वाक्य बदलत गेलं. शब्द तेच, पण पहिल्या वर्षी ती तुमची नक्कल करायची तेव्हा ते झटकन यायचं, 'वाढ आता' तर शेवटी आपटायचंच. मग दर वर्षी ते हळू होत गेलं. 'सोडलं' नंतर ती थांबायला लागली. 'सारं' लांबायला लागलं. शेवटी शेवटी, इथं अमरावतीला पलंगावर पडून ती ते सांगायची तेव्हा ते इतकं जड झालेलं असायचं की कुणीही म्हटलं असतं, निरोपच हा, दुसरं काय. तिनं पुन्हा अंबाडी शिजवली नाही. गाडी मी क्रेननं उचलून इथं आणली तेव्हा म्हणाली, "ठेवाची तं ठेव, पन तिले हात लावू नको. तिच्यातच गेले ते." म्हणून ताडपत्री टाकली. चाकांवरची नाल्याची माती तशीच वाळून दगड झाली. ते हब कुणी पाहिले नाहीत, कारण ते दिसतच नव्हते. आणि खरं सांगू, मला पाहायचेही नव्हते. तुम्ही आम्हाला टाकून गेलात की गेला नाहीत, यांतलं काहीतरी एक पक्कं कळेल, आणि कळलेलं परत न-कळलेलं करता येत नाही, एवढी अक्कल मला होती.

आज ते उजवं चाक मुरमावर फरफटलं आणि ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

गूळ खाऊन उठलो. मिस्त्रीला म्हटलं, तू फक्त हत्यार दे, खोलणार मी. आधी चकतीवरची माती. डिझेलचा बोळा लावला, टोच्यानं हळूहळू खरवडत गेलो. वीस वर्षांवर झाली त्या मातीला, पण ओली झाल्याबरोबर नाल्याचा वास आला. मग जुना दात घासायचा ब्रश. मातीच्या खालून खूण वर आली. एल. लगाम. मी बोट लावून बघितलं, दोनदा. चकती खोबणीत आत बसलेली असते, वाहत आलेलं लाकूड तिला फिरवू शकत नाही. तिला बोटंच लागतात, आणि तीही जोर लावून. बोल्ट गंजले होते, त्यांना तेल पाजून, पितळी हातोडीनं टिचक्या मारत, एकेक करून काढले. झाकण निघालं. आतली कडी पूर्ण घरात, दात दातांत, जागच्या जागी गंजून एक झालेले. तुम्ही जुपलं होतं, बाबा. त्या दुपारी मायनं तुम्हाला वाढलं तेव्हा चाकं सुटलेली होती, कारण जुपलेली असती तर तुम्ही घास घेतला नसता. घरापासून नाल्यापर्यंत डांबर, तिथं तुम्ही जुपणार नाही. मग हे उजवं चाक एकाच ठिकाणी जुपलं गेलं. गाडी नाल्याच्या गाळात रुतली, आणि तुम्ही खाली उतरलात. पाण्यात उभे राहून तुम्ही चाक जुपलंत. बाहेर पडायला.

मिस्त्रीला हा नियम माझ्या तोंडून कैकदा ऐकून पाठ आहे. तो उठून नाकाडाला वळसा घालून पलीकडे गेला, तुम्ही गेला असाल तसाच, आणि डाव्या चाकाशी बसून डिझेलचा बोळा लावायला लागला. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "भाऊ, इधर आव." गेलो. डावी चकती एफवर नव्हती. एलवरही नव्हती. दोन्हींच्या मधे, अर्ध्यावर उभी होती. झाकण काढलं. आत दातावर दात आलेला, टोकाला टोक, आणि त्या टोकांवर एकमेकांचा ठसा. डाव्यानं मान दिली नव्हती. नेहमीसारखं तुम्हाला परत गाडीत चढून ती वीतभर पुढं घ्यायची होती. तेवढा वेळ मिळाला नाही.

मिस्त्रीनं डोक्याचा रुमाल काढला. मग म्हणाला, "बाबा नीचे उतरे थे, भाऊ." आणि उठून नळाकडे गेला. हात धुवायला गेला असं मी समजलो. बराच वेळ नळ वाहत होता.

मी धंद्याचा माणूस आहे, दुसऱ्या बाजूनंही भाव करून बघतो. लोंढ्याचा आवाज ऐकू कसा आला नाही? तर बॅटरी तुमची उतरलेली असायची, म्हणून मधेच उतरलात तरी इंजिन कधी बंद करत नव्हता, आणि ते इंजिन कसं गरजायचं ते मला विचारा. चाकाशी वाकलेल्या माणसाला त्यापुढं ढगही ऐकू येणार नाही. कुठं निघाला होतात? ते नाही सांगता येत. नाल्यापलीकडे एखाद्या बगीच्यात काम विचारायला असेल, कुणाला भेटायला असेल. हब ते सांगत नाही. आणि मग एक वाईट विचार आला, तोही लिहितो. समजा, तुम्ही खरंच तसं ठरवून गाडी आत घातली असेल, आणि रुतल्यावर, पाण्यात, मन फिरलं असेल? समजा असेल. तरी चालेल मला. मी तिथं चाकाजवळ बसून हे पुरतं तोलून पाहिलं आणि म्हटलं, चालेल. कसेही आत गेला असाल, शेवटी तुमचे हात घरी यायच्या कामाला लागलेले होते.

उजवा हब मी खोलून रॉकेलमध्ये टाकला. कडी गरम करून, टिचक्या मारून सोडवली, पॉलिश पेपरनं दात घासले, कपड्यानं कोरडे केले, टाळूला लावतात तेवढं तेल लावलं. बसवला. चकती बोटानं फिरवली आणि ती फिरली, बाबा, ती 'टक्' करून एफवर गेली, तुमच्या वेळी वाजायची तशीच. तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. सकाळपासून पोटात फक्त तो गूळ. तुमच्या सुनेनं मागच्या दारातून हाक मारली, "आवो, येता का जेवाले? का त्या गाडीचं लोनचं घालून ठेवता?" माझे हात रॉकेलनं भरलेले, कंबर धरलेली. मी तिकडे न बघता ओरडलो, "सोडलं सारं! वाढ आता!"

आणि मग ते मला ऐकू आलं.

सकाळी दोर सोडले होते, ताडपत्री सोडली होती, साखळी सोडली होती, चाक सोडलं होतं. दुसरं काय म्हणणार माणूस? झटकन आलं तोंडातून, 'वाढ आता' तर शेवटी आपटलंच. त्यात निरोप नव्हता. थकवा होता थोडा, आणि भूक, निव्वळ भूक, भाजी दुसऱ्यांदा मागून घेणारी. सुनेला त्यात काही वेगळं वाटलं नाही. आतून ताट ठेवल्याचा आवाज आला. एवढंच होतं ते वाक्य. वीस वर्षं ज्याला ओझं म्हणून घरात वागवलं ते एवढंच होतं, आणि ज्या बाईला ते ऐकवायला हवं होतं ती चार महिन्यांपूर्वी त्याच पलंगावर, ते जड करून करून, तुम्ही तिला सांगून गेलात आणि तिला समजलं नाही असं मानत गेली. मी अंगणात उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "माय, आयक." मिस्त्रीनं वळून पाहिलं. मी म्हटलं, काही नाही रे.

रस्त्यावाले या महिन्याभरात येतील. गाडी मागच्या शेडमध्ये नेईन, आता ती ओढता येते. हा कागद कुठं पाठवायचा नाही. पाठवायचा म्हटला तरी पत्त्यात काय लिहू? तुम्ही शेवटचे जिथं उभे होतात त्या नाल्याला नावसुद्धा नाही.

आणि एक राहिलं. तुमच्या सुनेला ओरडून सांगितलं ते पुरतं खरं नव्हतं. उजवं सोडलं. डावं खोललं, पुसलं, त्यालाही तेवढंच तेल लावलं, आणि चकती तुमचा हात सुटला होता तिथंच, अर्ध्यावर, परत बसवली. ते मी सोडलं नाही. तसाच उठलो, हात धुतले, आणि जेवलो.